आधी नमुना, मग चुना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळ तालुक्यात घराला लागून चार गुंठ्यांचे परडे आहे. दिवाळीनंतर त्यात टोमॅटो, मिरची आणि कोबी लावली. रोपे खुजी राहिली, खालची पाने जांभळट-पिवळी पडली, आणि काही टोमॅटो तर हिरवेगार असतानाच एका दुपारी माना टाकून गेले. ऑनलाइन मागवलेला 'थ्री इन वन' मीटर जमिनीत कुठेही खुपसला तरी सातच दाखवतो. शेजारचे काका म्हणतात, "माती आंबट झाली हा, चुनो मार." तर मातीची आम्लता घरी कशी तपासायची आणि चुना किती टाकायचा?

काकांचा अंदाज बहुधा बरोबर आहे. जांभ्यावरची माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गेलेले आणि मागे लोह-अ‍ॅल्युमिनियम उरलेले. सामू म्हणजे आम्लतेचे माप, पीएच: सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या भरडावर, म्हणजे उंचवट्याच्या जमिनीत, तो पाच ते सहाच्या दरम्यान येणे ही रोजची गोष्ट आहे. मी बावीस वर्षे माती तपासणीच्या कामात काढली, आता स्वतःचा छोटा मळा करतो, आणि अंदाज बरोबर असूनही चुना मारून पस्तावलेले लोक भरपूर पाहिले आहेत. त्यामुळे क्रमाने जाऊ.

पण सर्वांत आधी ते माना टाकलेले टोमॅटो. त्यांचा सामूशी थेट संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. असे एखादे नुकतेच सुकलेले झाड उपटा, जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर लांब तुकडा धारदार सुरीने कापा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात वरून धरा, नुसते टोक बुडेल इतपत. हलवू नका. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. कोकणात वांगी-टोमॅटोला तो नेहमीचाच. त्याच्यावर चुना हा उपाय नाही. तिथे पीक बदलावे लागते, रोगाला दाद न देणारी जात शोधावी लागते, पाणी साचू न देणे बघावे लागते. उरलेली झाडेही एक-दोन उपटून मुळे बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. मुळे आखूड, जाडसर, टोकाशी तपकिरी आणि बारीक तंतुमुळे जवळजवळ नाहीत, असे असेल तर मात्र आम्लतेचा संशय पक्का होत जातो; सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागते आणि पहिला मार मुळांच्या टोकांवर बसतो. पानांचा जांभळटपणा म्हणजे स्फुरदाची (फॉस्फरसची) ओढाताण. तुम्ही स्फुरद टाकला नसेल असे नाही, पण आम्ल मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला धरून बसतात.

आता मीटर. दोन-तीन दांड्यांचा, बॅटरी नसलेला, वर काटा फिरणारा जो मीटर आहे तो तुम्ही मुलांना खेळायला द्या. त्याच्या दोन दांड्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात, ओल्या मातीत त्यांच्यात जो क्षीण प्रवाह वाहतो त्यावर काटा हलतो. तो प्रवाह ओलाव्यावर, क्षारांवर, दांडी किती घट्ट बसली यावर बदलतो. एकाच जागी कोरड्या मातीत सात आणि तांब्याभर पाणी ओतल्यावर साडेसहा, हा खेळ मी स्वतः करून पाहिला आहे. 'सगळीकडे सात' म्हणजे काटा जागचा हललाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती युक्त्यांचेही तेच. हळदीचे पाणी आम्ल माती ओळखू शकत नाही. हळद रंग बदलते ती अल्कलीत, म्हणून तर हळदीत चुना घालून कुंकू होते. आम्लात ती पिवळीच राहते. जास्वंदीचा अर्क शाळेत लिंबाने गुलाबी होतो खरा, पण लिंबाचा सामू दोन-अडीच असतो आणि तुमच्या मातीचा पाच. तेवढ्या आम्लतेला जास्वंद काही ठाम बोलत नाही. खाण्याचा सोडा मातीवर टाकून बुडबुडे मोजणारे व्हिडिओ तर बघूच नका. आणि लाल माती म्हणजे आम्ल माती हेही खरे नाही. लाल रंग लोहाचा आहे, सामूचा नाही.

मग काय वापरायचे? दोन पर्याय. एक, चार ते सात किंवा साडेचार ते साडेसात अशा अरुंद टप्प्याच्या सामू पट्ट्या. एक ते चौदाची पट्टी घेऊ नका, तिच्यात साडेपाच आणि साडेसहा सारखेच दिसतात. जुनी लाल-निळी लिटमस पट्टी तर फक्त हो की नाही सांगते. दुसरा पर्याय म्हणजे पेनच्या आकाराचा डिजिटल सामूमापक, ज्याच्या टोकाला काचेचा बारीक फुगा असतो. दोन-चार शेजाऱ्यांत मिळून घेतला तरी चालतो. पण तो घेताना सोबत ४ आणि ७ सामूची बफर पावडरची पाकिटे हवीत; ती पाण्यात विरघळवली की ठरलेल्या सामूचे द्रावण तयार होते. प्रत्येक वेळी मोजायच्या आधी पेनला ती दोन द्रावणे दाखवून आकडा जुळवून घ्यावा लागतो. काळ्या मातीवाल्यांनी ७ आणि ९.२ घ्यावे, तुम्हाला ४ आणि ७. फुगा कोरडा पडला की पेन मनाला येईल ते बोलतो, म्हणून टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण थेंबभर ठेवायचे. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, त्याने तो लवकर मरतो.

पण खरे काम पेनचे नाही. माझ्या हातून गेलेल्या नमुन्यांपैकी जे आकडे चुकले, त्यातले बहुतेक यंत्राने चुकवलेले नव्हते, घमेल्यातच चुकलेले होते. माझीच गोष्ट सांगतो. मळ्याच्या एका कोपऱ्यातली मिरची नेहमी पिवळी पडायची. बाकी मळ्याचा सामू ५.४ आणि या कोपऱ्याचा ७.६! दोनदा पेन जुळवला, तरी तेच. शेवटी आईने विचारले, "थयच न्हाणीची राख टाकतंस मां?" वीस-पंचवीस वर्षे न्हाणीच्या चुलीची राख त्याच कोपऱ्यात पडत होती, आणि राख म्हणजे फुकटचा चुनाच. मी नोकरीत लोकांना राखेचे धडे देत होतो आणि घरची राख विसरलो होतो. दोन्ही मातींची सरमिसळ करून एकच नमुना दिला असता तर सहाच्या आसपास आकडा आला असता, आणि 'सगळे ठीक आहे' म्हणून मी गप्प बसलो असतो.

त्यामुळे आधी कागद घ्या, जुन्या कालनिर्णयाच्या पानाची मागची बाजू चालेल, आणि परड्याचा नकाशा काढा. न्हाणीचे पाणी कुठे जाते, राख कुठे पडते, गोठ्याचा ओघळ कुठून येतो, शेणखताचा ढीग कुठे असतो, घर बांधताना चुना-सिमेंट कुठे कालवले होते, पूर्वी भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) राब कुठे भाजायचे, हे सगळे त्यावर मांडा. राबाची जागा विशेष जपा; पाला-शेणी वर्षानुवर्षे एकाच तुकड्यावर भाजलेली असतात आणि तिथली माती शेजारच्या मातीशी जुळत नाही. या जागा, मेरेच्या (बांधाच्या) कडेचा हातभर पट्टा आणि झाडांच्या बुंध्यालगतची जमीन वगळून जे उरते, त्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडा.

प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारा, माती खरवडू नका. खुरप्याने किंवा छोट्या फावड्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, खोली वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर. आतली माती बाहेर फेका. मग खड्ड्याच्या तिरप्या भिंतीवरून वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची एकसारखी चकती कापून घ्या. लोक इथे कंटाळतात आणि वरची मूठभर माती उचलतात. वरच्या दोन बोटांत तुम्ही टाकलेले खत, शेण, राख असते. मुळे असतात खाली. लोखंडाचे फावडे सामूसाठी चालते, फक्त गंजाचे पोपडे निघत असतील तर घासून घ्या. माती खताच्या रिकाम्या गोणीत मात्र भरू नका. आमच्याकडे एकदा युरियाच्या पिशवीत भरून आणलेला नमुना आला होता, त्याचे आकडे बघून आम्ही तो शेतकऱ्यासह परत पाठवला.

आता इथे माझे मत रूढ पद्धतीपेक्षा थोडे वेगळे आहे. प्रयोगशाळेला द्यायचे असेल तर आठ-दहा ठिकाणची माती घमेल्यात एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून, असे करत करत अर्धा किलो उरवावी, हे बरोबरच आहे. तिथे प्रत्येक नमुन्याचे पैसे पडतात. पण स्वतःचा पेन असेल तर मिसळता कशाला? प्रत्येक ठिकाणची माती वेगळी मोजा आणि आकडा नकाशावर त्या जागी लिहा. घरच्या पेनचा खरा फायदा हाच आहे. दहा आकडे ५.२ ते ५.५ आले तर सगळे परडे एकाच धाटणीचे. दोन आकडे उडी मारून गेले तर तिथे काय झाले होते ते आठवायचे.

माती सावलीत, कागदावर पसरून वाळवा. उन्हात किंवा चुलीवर नको. ढेकळे लाकडी दांडक्याने हलक्या हाताने फोडा आणि चाळणीने चाळा; प्रयोगशाळेत दोन मिलिमीटरची चाळणी असते, घरात रव्याच्या चाळणीहून जरा जाड घ्या. जांभ्याचे खडे दळू नका, चाळून बाजूला काढा. ते किती निघाले ते मात्र वजन करून लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्वच्छ ग्लासात वीस ग्रॅम माती आणि पन्नास मिलिलिटर पाणी घ्या. एकास अडीच हे प्रमाण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रूढ आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येईल. पाणी विहिरीचे नको. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते ते डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि बाटलीवर नीट वाचा: बॅटरीचे पाणी वेगळे, बॅटरीचे अ‍ॅसिड वेगळे. त्या पाण्याचा स्वतःचा सामू साडेपाच-सहा दिसला तर घाबरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने तसे होते आणि त्यात जोर काहीच नसतो. माती घातली की मातीचेच चालते. काचेच्या कांडीने ढवळा, अर्धा तास ठेवा, मध्ये चार-पाच वेळा पुन्हा ढवळा. शेवटचे ढवळून पेन बुडवा, फुगा तळाच्या खड्यांवर आपटू देऊ नका, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. दोन ग्लासांच्या मध्ये फुगा धुऊन टिपकागदाने टिपा, पुसू नका. पट्टी वापरत असाल तर लाल गढूळ पाण्यात बुडवू नका, ती गेरूसारखी रंगेल आणि रंग जुळवता येणार नाही. अर्धा तास निवळू द्या आणि वरच्या नितळ पाण्यात टोक बुडवा.

आकडा बघताना एवढे लक्षात असू द्या की हे माप पायऱ्यांचे आहे. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेनसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते आणले. एक पायरी खाली उतरले की आम्लता दहापट. म्हणून ५ आणि ६ मधला फरक 'एकाचा' नसतो. त्याच वेळी ५.३ आणि ५.४ वर भांडत बसू नका; पेनची चूकच तेवढी असते.

मोसमाचाही आकड्यावर परिणाम होतो, आणि हे फार कमी जण सांगतात. भात कापून लगेच त्याच कुणग्यात (भातखाचरात) भाजी करायची असेल, तर कापणीच्या सुमारास घेतलेला नमुना फसवतो. पाण्याखाली राहिलेल्या आम्ल मातीचा सामू आपोआप सातच्या दिशेने सरकतो आणि जमीन वाळून हवा लागली की पुन्हा खाली येतो. म्हणून नांगरट होऊन माती सुकल्यावर नमुना घ्या. खत टाकल्यावर लगेच घेऊ नका, दोन-तीन महिने जाऊ द्या. आणि दरवर्षी एकाच महिन्यात घ्या, नाहीतर एका वर्षीचा मे आणि दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर यांची तुलना करून उगाच निष्कर्ष निघतात.

तुमच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका असेल तर तीही काढा, पण तिच्यावरच विसंबू नका. ती योजना २०१५ मध्ये सुरू झाली, पत्रिकेत सामूसह बारा गोष्टी असतात, आणि कागद चांगला आहे. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने चौकटी आखून घेतले होते, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. तुमचे चार गुंठे त्या चौकटीत नेमके कुठे बसले, तो खड्डा तुमच्या परड्यात होता की पलीकडच्या काजूत, कोण सांगणार? निदान एकदा स्वतःचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा तपासणी प्रयोगशाळेत द्या. सिंधुदुर्गात किर्लोसला केंद्र आहे. देताना 'चुन्याची गरजही काढून द्या' असे स्पष्ट सांगा, कारण नुसत्या सामूवरून चुन्याचे प्रमाण निघत नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सामू ५.३ असलेल्या वाळूसर मातीला थोडक्या चुन्यात फरक पडतो, आणि तेवढाच सामू असलेली चिकण, कुजका पाला भरपूर असलेली माती दुप्पट-तिप्पट चुना गिळून जागची हलत नाही. पेनला दिसते ती पाण्यात उतरलेली आम्लता. मातीच्या कणांना चिकटून बसलेला साठा त्याला दिसत नाही. प्रयोगशाळेत बफर द्रावण घालून तो काढतात. घरी करायचे तर वेळ लागतो, पण अवघड नाही. एका गुंठ्यातली वीतभर खोलीपर्यंतची माती अदमासे वीस टन भरते. म्हणजे किलोभर मातीला एक ग्रॅम चुनखडीची पूड, म्हणजेच गुंठ्याला वीस किलो. हा हिशोब मला फार आवडतो, कारण तो कुंडीत बसतो. चाळलेली माती पाच-पाच किलो चार कुंड्यांत भरा. पहिलीत काही नाही, दुसरीत अडीच ग्रॅम, तिसरीत पाच, चौथीत दहा ग्रॅम पूड नीट कालवा. सोनाराकडून पुड्या मोजून आणल्या तरी चालेल. म्हणजे गुंठ्याला शून्य, दहा, वीस आणि चाळीस किलो. पोळीच्या कणकेआधी पीठ जेवढे ओलसर करतो तेवढी ओल राखून महिनाभर सावलीत ठेवा, मग चारही मोजा. जी कुंडी सहाच्या जरा वर गेली, तो तुमचा डोस. मघाशी खडे वजन करायला सांगितले ते इथे: मातीत तिसरा हिस्सा खडे असतील तर डोसही तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, कारण खडे चुना खात नाहीत.

साडेसहाच्या पुढे नेऊ नका. टोमॅटो, मिरची, कोबी, भेंडी सहा ते साडेसहात सुखी असतात. वांगे, रताळे, लाल माठ साडेपाचलाही चालवून घेतात. सातच्या वर ढकलले की जस्त, बोरॉन, लोह अडकतात आणि मग पिवळेपणा नव्या पानांपासून सुरू होतो. कोबीला कळतही नाही कुठला डॉक्टर बरा.

चुना कोणता, हेही बघा. वरचा हिशोब कच्च्या चुनखडीच्या बारीक पुडीचा आहे. आपल्याकडे शिंपल्यांचा भाजून विरवलेला चुना मिळतो, तो तिच्यापेक्षा जहाल, म्हणून पाऊण हिस्साच पुरतो; हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला, वारा पडलेल्या सकाळी पसरा. डोलोमाइट मिळाले तर माझी पसंती त्यालाच, धुऊन गेलेले मॅग्नेशियमही त्यातून मिळते. जिप्सम आणू नका. तो चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीचा उपाय आहे, आम्लता त्याने उतरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चुना पसरू नका. भात किंवा पावसाळी भाजी निघाल्यावर पसरून वीतभर खोल मिसळा, लागवडीआधी तीन-चार आठवडे मिळू द्या. शेणखत किंवा युरिया त्याच दिवशी नको, अमोनिया उडून नाकाला कळेल. अमोनियम सल्फेट वापरत असाल तर ते बंद करा: शंभर किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता मारायला सुमारे एकशे दहा किलो चुनखडी लागते. युरियाही आम्ल करतो, थोडा कमी. मेरेवर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) असेल तर त्याचा पाला भरपूर घाला. कुजताना तो अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतो, सामू फारसा न बदलता मुळे सुधारलेली मी पाहिली आहेत.

सांगली-जळगावकडच्या कोणी हे वाचून काळ्या रानात चुना पसरू नये. तिथे सामू मुळातच आठच्या आसपास असतो. ढेकळावर चमचाभर व्हिनेगर टाका, फसफसले तर चुनखडी आधीच जास्त आहे.

तर या आठवड्यात ग्लासातली मर रोगाची परीक्षा करा, नकाशा काढा आणि दहा खड्डे खणा. कुंड्या ठेवल्यात की महिनाभराने चारही आकडे आणि खड्यांचे वजन कळवा, गुंठ्याचा हिशोब मी बसवून देतो. तोवर काकांना सांगा, चुना आणून ठेवला आहे, पण गोणी कोरड्या जागी ठेवून तोंड बांधलेले आहे.